अँब्युलन्सचे पैसे कोण देतं? मेडिक्लेमबाहेर राहणाऱ्या खर्चाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्ण आत्ता समोर असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि आधी १०८ लावा. पैशांचं नंतर पाहता येतं. बाकीच्यांनी मात्र हे घरात सगळं ठीक असताना वाचावं, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी आधी केल्या तरच उपयोगी पडतात. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्यातल्या वाचकांसाठी आहेत. परदेशाबद्दलचे प्रश्न शेवटाकडे आहेत.

१. आमचा पाच लाखांचा मेडिक्लेम आहे. अँब्युलन्सचा खर्च त्यात येतोच ना?

येतो, पण बहुतेक पॉलिसींत अगदी थोडा. पाच लाख हा उपचाराचा आकडा आहे, अँब्युलन्सची मर्यादा पॉलिसीत वेगळी लिहिलेली असते. विमा नियामक आयआरडीएआयने २०२० पासून सगळ्या आरोग्य विमा कंपन्यांना विकायला लावलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत ही मर्यादा दर भरतीमागे २,००० रुपये आहे. इतर पॉलिसींत ती काही हजारांची असते, काहींत 'प्रत्यक्ष खर्चाइतकी'.

शहरातल्या शहरात पाच-सात किलोमीटर जायचं असेल तर २,००० रुपयांत भागतं. लातूरहून पुण्याला रुग्ण हलवायचा असेल तर ते अंतर साधारण ३३० किलोमीटर आहे आणि खासगी गाडीवाले जाण्या-येण्याचे किलोमीटर धरतात, म्हणजे ६६०. दर समजा किलोमीटरला २५ रुपये असला तरी १६,५०० रुपये झाले. त्यातले २,००० विमा देणार, उरलेले १४,५०० तुमचे. ऑक्सिजन, डॉक्टर, थांबण्याचे पैसे अजून धरलेलेच नाहीत.

दुसरी अट भरतीची. रुग्णाला अँब्युलन्सने नेलं, तपासलं, इंजेक्शन देऊन दोन तासांत घरी पाठवलं, तर बहुतेक पॉलिसी अँब्युलन्सचे पैसे देत नाहीत, कारण भरतीच झालेली नसते.

आज एवढं करा: पॉलिसीच्या कागदात 'रोड अँब्युलन्स', 'एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवणं' आणि 'एअर अँब्युलन्स' या तीन जागा शोधा आणि प्रत्येकापुढचा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. एजंटने तोंडी काय सांगितलं होतं, ते क्लेमच्या वेळी कुणी विचारत नाही.

२. १०८ खरंच फुकट असते का? मागाहून बिल येतं का?

पूर्ण मोफत असते, बिल येत नाही. महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. सुरुवातीच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक प्रणालीच्या होत्या, बाकीच्या प्राथमिक प्रणालीच्या (फरकासाठी प्रश्न ५ पाहा). गाडीत डॉक्टर असतो. गोव्यात १०८ त्याही आधीपासून, २००८ पासून आहे. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला यातलं काहीही लागत नाही. कुणी पैसे मागितलेच तर देऊ नका. गाडीचा नंबर आणि वेळ टिपून १०८ लाच फोन करून तक्रार नोंदवा.

मर्यादाही समजून घ्या. १०८ तातडीच्या रुग्णासाठी आहे. ती जवळच्या योग्य रुग्णालयात नेते, आणि ते बहुतेक वेळा सरकारी असतं. 'आम्हाला अमुकच खासगी हॉस्पिटल हवं' हा आग्रह तिथे चालेलच असं नाही. डिस्चार्जनंतर घरी सोडणं, ठरलेल्या तपासणीला नेणं ही तिची कामं नाहीत. फोनवर गाव, रस्ता, जवळची खूण, रुग्णाचं वय, शुद्धीवर आहे का आणि श्वास कसा आहे एवढं सांगा. फोन चालू ठेवा, कारण चालक वाटेत तुम्हाला फोन करतो आणि तो लागला नाही की मिनिटं वाया जातात.

३. १०२, ११२, १०३३ हे कशासाठी? गोंधळ होतो.

१०२ ची गाडी गरोदर बाई, बाळंतीण आणि एक वर्षापर्यंतचं आजारी बाळ यांच्यासाठी आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार घरून सरकारी दवाखान्यात, तिथून गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयात आणि शेवटी परत घरी, असा तिन्ही टप्प्यांचा प्रवास मोफत आहे. 'परत घरी' हा हक्क पुष्कळ कुटुंबांना माहीतच नसतो आणि ती बाळंतिणीला भाड्याच्या जीपमधून नेतात. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी आशाताईंना किंवा वॉर्डातल्या सिस्टरना सांगून ठेवा.

१०३३ राष्ट्रीय महामार्गावरच्या अपघातासाठी, ११२ पोलीस-आग-वैद्यकीय अशा सगळ्या संकटांसाठी. कोणता लावावा हे सुचत नसेल तर १०८ किंवा ११२ लावा.

४. खासगी अँब्युलन्सवाला तोंडाला येईल तो आकडा सांगतो. दर ठरलेले नसतात का?

ठरलेले असतात. दर ठरवण्याचं काम जिल्ह्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचं आहे आणि दरपत्रक आरटीओ कार्यालयात मिळतं. कोविडच्या काळात, ११ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानेही अँब्युलन्सचे वाजवी दर ठरवण्याचे आदेश राज्यांना दिले होते. दरपत्रकाची मांडणी साधारण अशी असते: गाडीच्या प्रकारानुसार पहिल्या काही किलोमीटरचं किंवा तासांचं ठोक भाडं, त्यापुढे दर किलोमीटरला अमुक, आणि थांबण्याचे तासावर वेगळे पैसे. आपल्या जिल्ह्याच्या दरपत्रकाचा फोटो काढून घरच्यांच्या ग्रुपवर टाकून ठेवा. फोनवर 'आरटीओच्या दराने येणार का?' असं विचारलं की समोरचा आकडा बऱ्याचदा खाली येतो.

गाडी निघण्याआधी या गोष्टी बोलून घ्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा: एकूण किलोमीटर एकेरी की दुहेरी, ऑक्सिजन धरून की वेगळा, सोबत डॉक्टर की ब्रदर (पुरुष परिचारक) आणि त्यांचे पैसे किती, थांबण्याचा दर, रात्रीचा जादा आकार आहे का.

बिलात दोन गोष्टी दिसल्या तर हरकत घ्या. एक, जीएसटी. रुग्णाला अँब्युलन्समधून नेण्याची सेवा जीएसटीतून मुक्त आहे, मग गाडी हॉस्पिटलची असो की बाहेरची. दोन, राष्ट्रीय महामार्गावरचा टोल. अँब्युलन्सला तो माफ आहे.

५. कार्डियाक, आयसीयू, साधी… नक्की कोणती गाडी मागवायची?

दारावर काय रंगवलंय त्यावर जाऊ नका. देशातल्या मानकानुसार चार प्रकार आहेत: मोटरसायकलसारखं प्रथमोपचाराचं वाहन, नुसती रुग्ण नेणारी गाडी, प्राथमिक जीवरक्षक आणि प्रगत जीवरक्षक. व्हेंटिलेटर, मॉनिटर, डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) आणि ते चालवणारं माणूस असलं तरच गाडी प्रगत.

खर्चाचा मोठा फरक इथेच पडतो. पाय मोडलेल्या, शुद्धीवर असलेल्या माणसाला प्रगत गाडी लागत नाही, आणि छातीत दुखणाऱ्याला साध्या व्हॅनमध्ये घालणं धोक्याचं आहे. ठरवायचं डॉक्टरांनी. रेफर करणाऱ्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर 'प्रगत जीवरक्षक अँब्युलन्स आवश्यक' असं लिहून घ्या. हीच ओळ पुढे क्लेमलाही लागते. प्रश्न ९ पाहा.

गाडी आली की आत चढून पाहा. मॉनिटर सुरू करायला सांगा. सक्शन, म्हणजे घशातला स्राव ओढून घेणारं यंत्र, चालतंय का विचारा. 'आयसीयू अँब्युलन्स' म्हणून पैसे घेऊन बंद पडलेला व्हेंटिलेटर आणि नवशिका मदतनीस आणणं, हा या धंद्यातला सगळ्यात घातक प्रकार आहे. दोन मिनिटं लागतात, लाजू नका.

६. लांबच्या प्रवासात ऑक्सिजन पुरेल का, हे आपल्याला कसं कळणार?

गणित सोपं आहे. अँब्युलन्समधल्या मध्यम, म्हणजे बी प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो, मोठ्या, म्हणजे जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,०००. रुग्णाला मिनिटाला किती लिटर चालू आहे ते सिस्टरना विचारा आणि भागा. मिनिटाला १० लिटर असेल तर बी सिलिंडर अडीच तास चालतो, जम्बो साडेअकरा तासांच्या आसपास.

प्रवासाच्या वेळेच्या दीडपट साठा असल्याशिवाय निघू नका. घाटातली कोंडी, पंक्चर, पावसात बंद झालेला रस्ता हे सगळं त्या जादा निम्म्यात बसतं. सिलिंडरच्या घड्याळाचा काटा भरलेला दाखवतोय का ते स्वतः पाहा. रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर लिटरचा हिशोब यंत्रानुसार बदलतो, तो गाडीतल्या डॉक्टरांकडून करून घ्या. वाटेत सिलिंडर बदलावा लागला तर त्याचे पैसे कोण देणार, हेही आधी बोला. नाहीतर निम्म्या वाटेवर घासाघीस करायची वेळ येते.

७. पहिल्या हॉस्पिटलने 'आमच्याकडे होणार नाही, मोठ्या ठिकाणी न्या' सांगितलं. या दुसऱ्या फेरीचे पैसे कोण देतं?

कुटुंबं कर्जात जातात ती याच फेरीत. घरून दवाखान्यात नेणारी पहिली फेरी सहसा जवळची आणि मोफत असते. दुसरी शंभर-दोनशे किलोमीटरची, रात्रीची आणि प्रगत गाडीची. आणि ती ठरते दहा मिनिटांत, कॅज्युअल्टीच्या दारात, जिथे कुणीतरी एका गाडीवाल्याचा नंबर हातात देतं.

तिथे या क्रमाने जा.

आधी १०८. तातडीच्या रुग्णाला एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवायलाही ती येते. पण रेफर करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः फोनवर बोललेलं बरं, आणि पुढच्या ठिकाणी खाट आहे याची खात्री झालेली हवी. सिंधुदुर्गातून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला किंवा गडचिरोलीहून नागपूरला जाताना गाडी थांबून राहते ती बहुतेक याच कारणाने: पुढे कुणाशी बोलणंच झालेलं नसतं.

मग हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का ते पाहा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांसाठी उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेनुसार तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून तो स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यावे लागतात, आणि गरज असेल तर सरकारी रुग्णालयात नेण्याची व्यवस्थाही त्यांनीच करायची असते. हे वाक्य तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना शांतपणे ऐकवा. वर्षाला १,८०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी १० टक्के खाटा मोफत, आणि ३,६०,००० पर्यंतच्यांसाठी आणखी १० टक्के सवलतीत, ही त्याच योजनेची दुसरी बाजू.

त्यानंतर विमा. पुष्कळ पॉलिसींत दुसऱ्या फेरीचा खर्च तेव्हाच मिळतो, जेव्हा पहिल्या रुग्णालयात तो उपचार उपलब्ध नाही असं डॉक्टरांनी लिहिलेलं असतं. 'नातेवाइकांच्या विनंतीवरून हलवले' असा शेरा पडला की क्लेम गेला. डॉक्टर घाईत हेच छापील वाक्य लिहितात. सही करण्याआधी वाचा आणि खरं कारण लिहून मागा, उदाहरणार्थ 'न्यूरोसर्जन उपलब्ध नसल्याने'.

पैसे भरले नाहीत म्हणून प्राथमिक उपचार अडवणं कुठल्याही रुग्णालयाला करता येत नाही. जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. रुग्ण स्थिर न करताच गाडीत घालायला लावत असतील तर तसं लेखी मागा.

८. हॉस्पिटलमधून घरी नेण्याचा खर्च मिळतो का?

मेडिक्लेममधून सहसा नाही. नोकरीच्या ठिकाणी मिळणाऱ्या ग्रुप पॉलिसीत क्वचित असतो. बाळंतिणींसाठी प्रश्न ३ पाहा, सरकारी योजनेसाठी प्रश्न ११.

९. क्लेमला कोणते कागद लागतात? आमचा 'अपुरी कागदपत्रं' म्हणून परत आला.

वहीच्या कागदावर 'रु. ६,०००/- मिळाले' एवढंच लिहिलेली पावती, हे परत येण्याचं नेहमीचं कारण. पावतीवर हे सगळं हवं: सेवा देणाऱ्याचं नाव-पत्ता आणि शिक्का, पावती क्रमांक, गाडीचा नंबर, रुग्णाचं पूर्ण नाव, तारीख आणि वेळ, कुठून कुठे, किलोमीटर, गाडीचा प्रकार, ऑक्सिजन-डॉक्टर वगैरेंची वेगवेगळी रक्कम, आणि सही. पैसे यूपीआयने द्या म्हणजे पुरावा आपोआप राहतो. रोख द्यावे लागले तर पावती तिथेच घ्या. दुसऱ्या दिवशी चालक फोन उचलत नाही.

सोबत डॉक्टरांची गरजेची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड आणि हलवलं असेल तर रेफरल पत्र. रुग्णाचं नाव सगळीकडे सारखं हवं. पावतीवर 'बाळू' आणि पॉलिसीत 'बाळासाहेब' असेल तरी क्लेम अडतो.

बिल हॉस्पिटलच्या गाडीचं असेल तर ते मुख्य बिलात घालून कॅशलेसमध्येच मागा. बाहेरच्या गाडीचे पैसे मात्र आधी खिशातून भरून मागाहून मिळवावे लागतात. हॉस्पिटल जुने कागद देत नसेल तर लेखी अर्ज करा. वैद्यकीय आचारसंहितेनुसार नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात.

१०. माझी स्वतःची पॉलिसी आहे, कंपनीची ग्रुप पॉलिसीही आहे, वर टॉपअप घेतलाय. तिन्हीकडून मिळेल?

एकाच खर्चाचे पैसे दोनदा मिळत नाहीत. पण एका पॉलिसीच्या मर्यादेमुळे उरलेली रक्कम दुसरीकडे मागता येते. १०,००० चं बिल, पहिलीने २,००० दिले, तर उरलेल्या ८,००० साठी दुसरीकडे जा. तिची स्वतःची मर्यादा असेल तेवढे मिळतील. त्यासाठी पहिल्या कंपनीचं मंजुरीपत्र आणि कागदांच्या तिने शिक्का मारून दिलेल्या प्रती लागतात. त्या मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

टॉपअपवर मात्र भिस्त ठेवू नका. एकूण बिल वजावटीची (म्हणजे आधी तुम्ही किंवा मूळ पॉलिसीने भरायची) रक्कम ओलांडेपर्यंत तो सुरूच होत नाही, आणि सुरू झाला तरी त्याच्यातही अँब्युलन्सची मर्यादा वेगळी असते.

'हॉस्पिटल कॅश' प्रकारची पॉलिसी इथे खरी कामाला येते. भरतीच्या दर दिवसाला ठरलेली रक्कम मिळते आणि ती कशावर खर्च केली हे कुणी विचारत नाही. गावाकडे राहणाऱ्या आई-वडिलांसाठी, जिथे दुसरी फेरी जवळजवळ ठरलेलीच, आम्ही मोठ्या विमा रकमेइतकंच वजन या छोट्या पॉलिसीला देऊ.

११. महात्मा फुले योजना किंवा आयुष्मान कार्डात अँब्युलन्स येते का?

योजनेच्या रुग्णालयात तुम्ही खासगी गाडीने आलात तर त्या भाड्याची भरपाई मिळत नाही. पाच लाखांचं संरक्षण उपचारांचं आहे. महात्मा फुले योजनेत डिस्चार्जनंतर घरी परतण्यासाठी एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं असतं. रक्कम लहान असते, पण मागायला विसरू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनिसांना विचारा.

खरी बचत वेगळीकडे आहे. निघण्यापूर्वी १५५३८८ वर फोन करून तुमचा आजार ज्या जवळच्या रुग्णालयात योजनेखाली होतो ते विचारा. चुकीच्या रुग्णालयात जाऊन परत दुसरीकडे हलवलं की दोन गाड्यांचे पैसे जातात. आयुष्मानसाठी क्रमांक १४५५५.

१२. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला उचलून नेलं तर खर्च आपल्या गळ्यात पडतो का?

नाही. मदत करणाऱ्याला पैसे भरायला, नाव सांगायला किंवा साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद आहे.

जखमीसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना मे २०२५ पासून लागू आहे: कुठल्याही रस्त्यावरच्या मोटार अपघातात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंत, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत. जखमीचा विमा असो-नसो. ११२ ला फोन केला की अपघाताची पोलिसांकडे नोंद होते आणि पुढचं सोपं जातं.

स्वतः केलेला वाहतुकीचा खर्च, पुढच्या तपासण्यांच्या फेऱ्या धरून, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाईत मागता येतो. प्रत्येक पावती एका पाकिटात ठेवा. वर्षभराने वकील तेच पाकीट मागतात.

गिर्यारोहणातला अपघात यात येत नाही. सह्याद्रीत स्वयंसेवी बचाव पथकं पैसे न घेता काम करतात, पण पायथ्यापासून पुढची गाडी तुमची. साहसी खेळ पॉलिसीत वगळलेले आहेत का, ते ट्रेकच्या आधी पाहा.

१३. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना आणि ईएसआयवाल्यांना (कर्मचारी राज्य विमा) वेगळे नियम आहेत का?

केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या नियमात एक वाक्य महत्त्वाचं आहे: दुसऱ्या वाहनाने नेल्यास जीव धोक्यात आला असता किंवा प्रकृती फारच बिघडली असती, असं डॉक्टरांनी लेखी दिलं तर शहरातल्या अँब्युलन्सचा खर्च परत मिळतो. नुसतं 'अँब्युलन्सने आणले' चालत नाही. ईएसआयचा लाभ महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारकांना आहे. त्यांनी शक्यतो दवाखान्याच्याच गाडीची मागणी करावी आणि बाहेरची घेतली तर कारण लिहून घ्यावं.

१४. एअर अँब्युलन्सला किती पैसे लागतात आणि ते कशाचे?

देशातल्या देशात काही लाख रुपये. विमानाचा तास हा मुख्य आकार, आणि तो विमान जिथे उभं आहे तिथून मोजला जातो. रुग्ण नांदेडला, न्यायचं मुंबईला, विमान दिल्लीत: तर दिल्ली-नांदेड, नांदेड-मुंबई आणि मुंबई-दिल्ली अशा तिन्ही टप्प्यांचं बिल. म्हणून पहिला प्रश्न 'दर किती' हा विचारू नका, 'विमान कुठे आहे' हा विचारा. मुंबईत उभं असलेलं, दर थोडा जास्त असलेलं विमान एकूण स्वस्त पडतं.

वर डॉक्टर-पॅरामेडिक, उपकरणं, विमानतळाचे आकार आणि दोन्ही टोकांच्या जमिनीवरच्या अँब्युलन्स. या दोन गाड्या कोटेशनमध्ये आहेत का, ते लेखी घ्या.

राज्यातल्या अनेक छोट्या धावपट्ट्यांवर रात्री उतरता येत नाही. संध्याकाळी पाचला ठरवलेलं उड्डाण सकाळवर जातं आणि तोवर प्रगत गाडी रस्त्याने पोचलीही असती. साधारण तीनशे किलोमीटरच्या आत, रस्ता धड असेल तर, आम्ही बहुतेक रुग्णांसाठी रस्ताच सुचवू. कागद, परवानगी, विमान येणं, दोन्हीकडे गाडी बदलणं धरलं तर विमानाचा वेळ वाटतो तेवढा वाचत नाही.

उड्डाणायोग्य असल्याचं डॉक्टरांचं पत्र लागतं. ते नुसतं सोपस्कार नाही: उंचीवर हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे छातीत किंवा कवटीत अडकलेली हवा फुगते.

१५. आमच्या पॉलिसीत एअर अँब्युलन्स 'कव्हर्ड' लिहिलंय. मग निश्चिंत राहू?

अटी वाचेपर्यंत नाही. नेहमी अडकवणाऱ्या या: जिवाला तातडीचा धोका असल्याचं डॉक्टरांचं पत्र, जवळच्या सक्षम रुग्णालयापर्यंतच, रस्त्याने नेणं शक्य नसल्याचं कारण, परवानाधारक उड्डाणकंपनी आणि विमा कंपनीची पूर्वमंजुरी. काही पॉलिसींत एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेणं स्पष्टपणे वगळलेलं असतं, आणि भारतात बहुतेक उड्डाणं तर त्यासाठीच होतात.

मंजुरी मिळाली तरी पैसे बहुधा आधी तुम्हीच भरता. उड्डाणकंपनी पूर्ण रक्कम आगाऊ घेते. निघण्याआधी विमा कंपनीला फोन आणि ईमेल दोन्ही करा, फोनवर मिळालेला नोंदणी क्रमांक लिहून ठेवा.

१६. साध्या प्रवासी विमानातून स्ट्रेचरवर नेता येतं म्हणतात, ते काय?

येतं, काही विमान कंपन्यांच्या ठरावीक मार्गांवर. साधारण सहा ते नऊ आसनांची जागा घेऊन स्ट्रेचर बसवतात, तितकी तिकिटं आणि सोबतच्या डॉक्टरांचं वेगळं. एअर अँब्युलन्सच्या मानाने हे बरंच स्वस्त. पण मेडिफ नावाचा वैद्यकीय फॉर्म भरून कंपनीच्या डॉक्टरांची मंजुरी घ्यायला दोन-तीन दिवस जातात. म्हणून स्थिर रुग्णालाच. नंतरच्या उपचारांच्या फेऱ्यांसाठी, विशेषतः कर्करुग्णांनी, रेल्वेची सवलत पाहावी. स्लीपर आणि थ्री-टियर एसीत कर्करुग्णाला पूर्ण सूट आहे.

१७. वर्षाला काही हजार भरा आणि अँब्युलन्स मोफत, अशी सदस्यत्वं येतात. घ्यावीत का?

हा विमा नाही, सेवेचा करार आहे. त्यामुळे विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) दाद मागता येत नाही, ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. घेण्याआधी विचारा: माझ्या पिनकोडमध्ये गाडी कुठे उभी असते? ती तुमची की ऐनवेळी भाड्याची? वर्षात किती फेऱ्या, किती किलोमीटर? शहराबाहेर नेणार का? मोठ्या शहरात एकटे राहणारे ज्येष्ठ किंवा मोठी सोसायटी यांना उपयोग होतो. तालुक्याच्या गावी गाडीच नसेल तर कार्ड काय कामाचं?

१८. आई-बाबा सहा महिने आमच्याकडे अमेरिकेत येताहेत. अँब्युलन्सचं बिल केवढं येतं, विमा देतो का?

तिथल्या आणीबाणीच्या ९११ क्रमांकावरून बोलावलेली साधी गाडीसुद्धा हजार डॉलरच्या पुढे सहज जाते आणि बिल हॉस्पिटलपेक्षा वेगळं, काही आठवड्यांनी टपालाने येतं. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेला तिथला 'नो सरप्राइजेस' कायदा एअर अँब्युलन्सच्या अनपेक्षित बिलांपासून संरक्षण देतो, पण जमिनीवरच्या अँब्युलन्सना तो लागू नाही. आणि पाहुण्यांच्या अल्प मुदतीच्या पॉलिसीला त्याचं संरक्षण नसतं.

पॉलिसी घेताना जुन्या आजाराचं कलम वाचा. बाबांना मधुमेह-रक्तदाब असेल तर 'अचानक बिघाड' कितपत धरलाय तेच महत्त्वाचं. दुसरं, 'मेडिकल इव्हॅक्युएशन' म्हणजे पुण्याला परत आणणं नव्हे, जवळच्या सक्षम रुग्णालयात नेणं. मायदेशी आणणं हे वेगळं कलम. तिसरं, उड्डाण विमा कंपनीच्या मदतकेंद्रानेच ठरवायचं असतं. तुम्ही आपलं ठरवून बिल पाठवलंत तर ते नाकारतात.

बिल आलंच तर लगेच भरू नका. बाबवार बिल मागा, विमा कंपनीला पाठवायला लावा, मग सवलतीची लेखी विनंती करा. सार्वजनिक सेवांकडे अडचणीतल्या लोकांसाठी सूट असते.

१९. भाऊ आखातात कामाला आहे. त्याला काही झालं तर परत आणायचा खर्च?

ईसीआर पासपोर्टवर, म्हणजे काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागणाऱ्या पासपोर्टवर गेलेल्या कामगारांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाखांचं संरक्षण आहे आणि मायदेशी परत आणण्याची तरतूदही. पॉलिसीची प्रत भावाकडेच नको, घरीही हवी. ऐनवेळी क्रमांक कुणालाच माहीत नसतो.

ज्यांच्याकडे काहीच साधन नाही त्यांच्यासाठी भारतीय दूतावासाकडे समुदाय कल्याण निधी असतो. तातडीचे उपचार आणि पार्थिव मायदेशी आणणं या दोन्हींसाठी तो वापरतात. अर्ज दूतावासातच करायचा.

२०. वाटेतच रुग्ण गेला. गाडीचे पैसे विम्यातून मिळतील का? पार्थिव कसं न्यायचं?

भरती होण्याआधी मृत्यू झाला तर बहुतेक मेडिक्लेम पैसे देत नाहीत. पहिल्या रुग्णालयात भरती झालेली असेल आणि तिथून हलवताना मृत्यू झाला तर क्लेम टाका, तो त्या भरतीचाच भाग ठरू शकतो.

१०८ पार्थिव नेत नाही. महापालिका-नगरपालिकांच्या शववाहिका असतात, रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर नंबर मिळतो. शववाहिकेलाही राष्ट्रीय महामार्गावर टोल माफ आहे. बिल बाकी आहे म्हणून पार्थिव अडवून ठेवायला महाराष्ट्रातल्या शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या नियमांनी मनाई केली आहे. विमानाने न्यायचं असेल तर मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचं (पार्थिव खराब होऊ नये म्हणून केलेल्या प्रक्रियेचं) प्रमाणपत्र आणि पोलिसांचं ना-हरकत पत्र लागतं.

२१. कंपनीने अँब्युलन्सचा क्लेम नाकारला. दोन-चार हजारांसाठी भांडण्यात अर्थ आहे का?

आहे. वकील लागत नाही आणि फी नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्यात नकाराच्या पत्रातलं कलम आणि तुमचे कागद समोरासमोर मांडा. आयआरडीएआयच्या १५५२५५ वर किंवा 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, अर्ज ऑनलाइन करता येतो. कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून एक वर्षाची मुदत असते. लोकपाल ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकतात.

अर्जात लांबलचक हकीकत नको. तारखा, रक्कम, पॉलिसीचं कलम आणि मागणी, एवढं एका पानात. नकाराचं कारण 'गरज सिद्ध होत नाही' असं असेल तर रेफर करणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन गरजेची चिठ्ठी आता घ्या. केसपेपरवर नोंद असेल तर ते मागाहूनही देऊ शकतात.